एंगल्सनं जिला पत्र लिहिलं ती बाई

पोस्ट लांब झालीये. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री वाचा.

मागच्या आठवड्यात इथेच एका मित्राच्या भिंतीवर वाद चालला होता. विषय घरी बसून पीसवर शिवणाऱ्या बायकांचा. एकानं लिहिलं, "या बायका कधी संघटित होत नाहीत, त्यांना वर्गजाणीवच नाही, त्यांच्यावर लिहून साहित्याचं काही भलं होत नाही." आणि खाली पुरावा म्हणून एंगल्स. प्रातिनिधिक परिस्थितीतली प्रातिनिधिक माणसं, वगैरे. मी तिथं उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं, परत खोडलं. कॉमेंटमध्ये मावणारी गोष्ट नव्हती ती. शिवाय त्या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे. अडतीस-चाळीस वर्षांपूर्वीचं.

१९८६ साल. आम्ही सोलापूरला. वडील गिरणीत होते आणि गिरणीचं काही खरं नव्हतं, त्यामुळे घर चालायचं ते आईच्या मशीनवर. शाळेच्या युनिफॉर्मच्या चड्ड्या. शेठकडून कापलेला माल डोक्यावर आणायचा, शिवायचा, काजं-बटणं, तुरपाई करायची, डझनाचे गठ्ठे बांधून परत द्यायचा. डझनावर पैसे. एक शिवण वाकडी गेली की अख्खा डझन परत. मी तेव्हा बी.ए.ला होते आणि एका अभ्यासवर्गाला जायचे. तिथं मी एक गोष्ट वाचून दाखवली, नाव 'काज'. त्यातली बाई माझी आईच होती, हे कुणालाही कळलं असतं. शेवटी ती शेठकडे उचल मागायला जाते आणि त्याच्या ओट्यावर बसून राहते, बस्स.

वर्ग घेणारे दादा चांगले होते, उगाच लागट बोलायचे नाहीत. पण त्या दिवशी म्हणाले, "तुझी बाई निष्क्रिय आहे. ती फक्त सोसते. हार्कनेस नावाचा एक लेखक होता, त्याला एंगल्सनं हेच सुनावलंय. ते पत्र वाच आणि परत लिही."

मी वाचलं. परत लिहिलं. शेवटी मोर्चा घातला. लाल झेंडे, घोषणा, शेठ घाबरलेला. ती गोष्ट एका अंकात छापूनही आली. घरी आईला वाचून दाखवली, तर ती मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "हा मोर्चा कधी निघाला गं?"

त्यानंतर मी गोष्ट लिहिली नाही. नोकरी केली, लग्न केलं, चारचौघींसारखं.

आता मुद्द्यावर येते. एक साधी गोष्ट मला निवृत्त झाल्यावर कळली. हार्कनेस "त्याला" नव्हता, "तिला" होती. पत्राच्या वरच "मिस हार्कनेस" असं लिहिलंय. वर्गात एकानंही ते पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मार्क्सवादी समीक्षेत वास्तववादाबद्दल काही म्हणायचं झालं की जे पत्र सगळ्यात आधी काढतात, ते एका बाईला आलेलं होतं, तिच्या पहिल्याच कादंबरीबद्दल. ती कादंबरी कोणी वाचली नाही. पत्र मात्र सगळ्या जगानं वाचलं. तर ही बाई कोण?

मार्गारेट हार्कनेस. जन्म १८५४, इंग्लंडमधल्या वुस्टरशर परगण्यात. वडील पाद्री. म्हणजे इभ्रत भरपूर, पैसा बेताचा आणि मुलींसाठी एकच रस्ता, लग्न. तिनं ते केलं नाही, कधीच केलं नाही. १८७७ साली लंडनला येऊन नर्सिंग शिकायला लागली, पुढे औषधं बनवून देण्याचं काम शिकली, आणि मग तेही सोडून लिहिण्यावर पोट भरायचं ठरवलं. त्या काळी एकट्या बाईनं लंडनमध्ये खोली घेऊन लेखांच्या मानधनावर राहणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. ब्रिटिश म्युझियमची रीडिंग रूम हे अशा बायकांचं ठिकाण. फुकट बसायला जागा, ऊब, पुस्तकं. कार्ल मार्क्सची धाकटी मुलगी एलिनॉर तिथलीच. हार्कनेस त्याच वर्तुळात वावरत होती.

तिची एक नात्यातली बहीण होती, बीट्रिस पॉटर. बीट्रिसकडे पैसा होता, मार्गारेटकडे नव्हता, पण दोघींचं शाळेपासून जमायचं. बीट्रिस १८८५च्या सुमारास लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, गोदीजवळ, कॅथरीन बिल्डिंग्ज नावाच्या नव्या इमारतीत भाडं वसुलीचं काम करू लागली. इमारत गरिबांसाठी बांधलेली. बहुतेक एकेका खोलीची बिऱ्हाडं, नळ आणि संडास सामाईक. परळ-लालबागमध्ये राहिलेल्यांना चित्र डोळ्यांपुढे आणायला वेळ लागणार नाही. मार्गारेटनं ती इमारत जवळून पाहिली आणि तिच्यावर कादंबरी लिहिली, 'अ सिटी गर्ल'. १८८७. लेखकाचं नाव छापलं, जॉन लॉ. पुरुषी नाव. पुढची बरीच पुस्तकं तिनं याच नावानं काढली.

(प्रकाशक होता व्हिझेटेली. झोलाच्या कादंबऱ्यांचे इंग्रजी अनुवाद छापले म्हणून पुढच्या दोन वर्षांत त्याच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि म्हाताऱ्याला तीन महिने तुरुंगात जावं लागलं. हे आपलं जाता जाता.)

गोष्ट काय आहे? नेली ॲम्ब्रोज नावाची पोरगी, घरी बसून पॅंटी शिवते. घरात आई आणि भाऊ, दोघांचा डोळा तिच्या कमाईवर. इमारतीचा राखणदार जॉर्ज, जुना सैनिक, तिच्याशी लग्न करायला तयार आहे. पण तिला भेटतो आर्थर ग्रँट. सुशिक्षित, पुढारलेल्या विचारांचा, कामगारांच्या हक्कांवर बोलणारा, घरी बायकामुलं असलेला. तो वाईट माणूस नाही. नेलीला नाटकाला नेतो, नदीवर फिरायला नेतो. व्हायचं ते होतं. नेलीला दिवस जातात, घर सुटतं, आसरा मिळतो मुक्तिफौजेच्या लोकांकडे. (आपल्याकडे नगरचं बूथ हॉस्पिटल ठाऊक असेल, तीच ही मुक्तिफौज. १८८२ साली ती मुंबईतही उतरली होती.) बाळ आजारी पडतं आणि हॉस्पिटलात दगावतं. त्या हॉस्पिटलचा खजिनदार कोण? ग्रँटच. शेवटी जॉर्ज नेलीला पदरात घेतो.

एवढीच गोष्ट. नवीन काहीच नाही. एंगल्सही तेच म्हणतो, की जुनीच कहाणी आहे पण तुम्ही ती काही नटवानटव न करता सांगितलीत, आणि तसं सांगितल्यानंच ती नवी झाली. ग्रँटचं पात्र त्याला फार आवडलं. मुक्तिफौजेचं गरिबांवर वजन का आहे, हेही तुम्ही बरोबर पकडलंत म्हणतो. हे सगळं पत्रात आहे. आमच्या अभ्यासवर्गात मात्र यातलं काहीच सांगितलं गेलं नव्हतं. ग्रँटबद्दल तर नाहीच. आता विचार केला की थोडं हसू येतं. कामगारांवर उत्तम भाषण देणारा आणि घरी परत जाणारा माणूस तिथं वर्गात बसलेल्यांना ओळखीचा वाटला असता की.

मग येतं ते प्रसिद्ध वाक्य. वास्तववाद म्हणजे नुसता तपशील खरा असून भागत नाही, प्रातिनिधिक परिस्थितीत प्रातिनिधिक माणसं खरी उतरली पाहिजेत. तुमची माणसं त्यांच्यापुरती खरी आहेत, पण भोवतालची परिस्थिती तितकी नाही. तुमच्या पुस्तकात कामगारवर्ग निमूट पडून आहे, त्याला वर काढायला कोणीतरी वरूनच येतं. १८००-१८१० साली हे खरं असेल. पण जवळजवळ पन्नास वर्षं कामगारांच्या लढ्यात घालवलेल्या माझ्यासारख्याला १८८७ मध्ये ते खरं वाटू शकत नाही.

इथपर्यंत आमच्या दादांनी सांगितलं होतं. इथं ते थांबले.

पत्र इथं थांबत नाही. शेवटाकडे एंगल्स स्वतःच कबूल करतो की, तुमच्या बाजूनं एक सांगायला हवं, सगळ्या सुधारलेल्या जगात ईस्ट एंडच्या कामगारांइतके प्रतिकार न करणारे, नशिबाला शरण गेलेले कामगार दुसरीकडे कुठं नाहीत. आणि पुढे म्हणतो, कुणास ठाऊक, या वेळी निमूट बाजूच दाखवायला तुमच्याकडे चांगली कारणं असतील, लढाऊ बाजू तुम्ही दुसऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवली असेल.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. चाळीस वर्षं मी समजत होते की मला एंगल्सनं नापास केलं. तो बिचारा तर दार उघडं ठेवून गेला होता. नापास दुसऱ्यांनीच केलं, त्याचं नाव घेऊन. हे पत्र तरी काय, जाहीर टीका नव्हतीच. एका वाचकानं लेखिकेला खासगीत लिहिलेलं, आपल्याला कच्च्या मसुद्यावरून ठाऊक झालेलं. छापलं गेलं १९३०च्या दशकात, दोघंही गेल्यावर. मग त्याचा कायदा झाला.

आता तारखा बघा. पत्र एप्रिल १८८८. त्याच वर्षी जुलैत, त्याच ईस्ट एंडमध्ये, ब्रायंट अँड मे काडेपेटी कारखान्यातल्या सुमारे चौदाशे बाया आणि पोरी काम टाकून बाहेर पडल्या आणि जिंकल्या. पुढच्या वर्षी ऑगस्टात लंडनची गोदी बंद पडली, महिनाभर. मागणी तासाला सहा पेन्सची. तीही मिळाली. म्हणजे नेलीच्या शेजारणी-पाजारणीच उठल्या. यावर "बघा, एंगल्स बरोबर होता" असंही म्हणता येतं, मी नाही म्हणत नाही. पण माझं म्हणणं वेगळं आहे. काडेपेटीच्या बाया एका छताखाली होत्या. गोदीवाले रोज सकाळी एका दारात जमायचे. नेली खोलीत एकटी शिवत होती. तिच्या शेजारच्या खोलीतली बाईही शिवत होती, त्याच शेठसाठी, आणि दोघींत दर पाडण्याची चढाओढ. ती "निष्क्रिय" आहे हा लेखिकेचा दोष नाही, ती त्या धंद्याची रचना आहे. माझ्या आईला मोर्चा माहीत नव्हता याचं कारण वर्गजाणीव नव्हे. तिला बाकीच्या बायका फक्त माल द्यायच्या रांगेत भेटायच्या, आणि तिथं प्रत्येकीला आपला गठ्ठा आधी मोजून घ्यायची घाई असायची.

आजही हेच आहे. घरून काम करणाऱ्यांना कामगार म्हणून बाकीच्यांच्या बरोबरीनं वागवा, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ साली झाला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ज्यांना वर्गजाणिवेची काळजी आहे त्यांनी यावर एक पोस्ट लिहावी.

हार्कनेस पत्रानंतर काय करत होती? लिहीत होती. लागोपाठ. 'आउट ऑफ वर्क' १८८८ मध्ये आली. सुरुवात होते १८८७च्या मे महिन्यातल्या राणी व्हिक्टोरियाच्या ईस्ट एंड भेटीनं, कमानी आणि पताका. मग त्याच रस्त्यावर कामाच्या शोधात खेड्यातून आलेला सुतार, जॉस. हातात कसब आहे, काम नाही. गोदीच्या दारात रोजंदारीसाठी रेटारेटी करणारा, मग ट्रॅफल्गार चौकात उघड्यावर झोपणारा, आणि शेवटी गावी परत जाऊन आईच्या थडग्यावर उपाशी मरणारा. पदवी घेऊन पुण्यात भरतीची तयारी करणारी, खानावळीचे पैसे थकलेली पोरं आठवली मला. १८८९ मध्ये 'कॅप्टन लोब', मुक्तिफौजेच्या एका कॅप्टनची गोष्ट, जी नंतर 'इन डार्केस्ट लंडन' नावानं पुन्हा निघाली. १८९० मध्ये 'अ मँचेस्टर शर्टमेकर', सदरे शिवणारी विधवा, जी उपासमारीत आपल्याच लेकराला अफू देऊन मारते. ती मी एकदाच वाचली. परत नाही वाचवणार.

मधल्या काळात लंडनच्या कष्टकरी बायकांची पाहणी, वर्तमानपत्रांतले लेख, गोदीच्या संपात कार्डिनल मॅनिंग यांच्याबरोबर धावपळ. आणि एक गोष्ट जी तिनं सहज केली. १८९०च्या जानेवारीत बीट्रिसला सहकारी चळवळीची माहिती सांगणारं कोणीतरी हवं होतं. मार्गारेट म्हणाली, सिडनी वेबला भेट, आणि भेट घालून दिली. दोन वर्षांनी त्या दोघांचं लग्न झालं. १८९५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स उभं राहिलं ते याच वेब पतिपत्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीतून. होय, तीच संस्था, जिथं पुढे बाबासाहेब शिकले. वेब दांपत्याचं नाव सगळ्या इतिहासात आहे. मार्गारेटचं त्यांच्या चरित्रात तळटीपेपुरतं. दोघी बहिणींत तोवर दुरावाही आला होता.

आणि ती लढाऊ बाजू, जी एंगल्स म्हणाला राखून ठेवली असेल? ती आली. 'जॉर्ज ईस्टमाँट: वाँडरर', १९०५, त्यात गोदीचा संप आहे. एंगल्स १८९५ मध्येच गेला होता. त्याच्या वाचनात ती आली नाही, आणि ज्यांनी पत्र पाठ केलं त्यांनी शोधली नाही. पुस्तक थकलेलं आहे, खरं सांगायचं तर 'अ सिटी गर्ल'इतकं ते मला भिडलं नाही. संप आहे, पण संप करणाऱ्यांवरचा तिचा विश्वास तोवर बराच उडालेला दिसतो.

मग ती हिंदुस्थानात आली. हे वाचून मी उडालेच. बरीच वर्षं इथं राहिली, कलकत्त्याच्या थॅकर स्पिंककडून पुस्तकं काढली, पुन्हा जॉन लॉ याच नावानं. त्यातलं एक 'मॉडर्न हैदराबाद (डेक्कन)', १९१४. निजामाचं राज्य. म्हणजे ज्यात तेव्हा आपले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे होते आणि ज्याची हद्द सोलापूरला लागून होती. एंगल्सच्या पत्राची मालकीण माझ्या गावापासून काही तासांच्या रेल्वेवर येऊन गेली होती, आणि आम्ही तिला "हार्कनेस नावाचा लेखक" म्हणत बसलो होतो! त्या पुस्तकात ती ईस्ट एंडची मार्गारेट शोधायला जाऊ नका मात्र. संस्थानाकडे ती बऱ्यापैकी कौतुकानं बघते. माणसं वय झाल्यावर बदलतात, किंवा दमतात.

१९२३ साली ती इटलीत, फ्लॉरेन्सला वारली. भाड्याच्या खोलीत, लंडनपासून लांब. बरीच दशकं तिचं नाव फक्त त्या पत्राच्या पत्त्यावर राहिलं. अलीकडे तिकडे तिच्यावर बरंच काम होतंय, कादंबऱ्या पुन्हा छापल्या जातायत, आणि जुन्या प्रती नेटवर फुकट मिळतात. 'अ सिटी गर्ल' लहानशी आहे, दोन बसणींत होते. इंग्रजीही सोपं. कुणी मराठीत आणायचं मनावर घेतलं तर मला कळवा, जमेल ती मदत करेन. मित्राच्या भिंतीवर पत्र चिकटवणाऱ्या त्या भल्या गृहस्थांनाही सांगते, पत्र चार पानांचं आहे, शेवटपर्यंत वाचा.

आई आता त्र्याऐंशीची आहे. डोळ्यांना कमी दिसतं, मशीन कधीच विकली. गेल्या रविवारी दुपारी तिला नेलीची गोष्ट सांगितली, मराठीत, माझ्या शब्दांत. बाळ गेलं तिथं ती काही बोलली नाही. लग्न झालं म्हटल्यावर म्हणाली, "बरं झालं." मग जरा वेळानं विचारलं, "पॅंटी शिवायची म्हणतीस, मग दोरा कुणाचा? शेठचा का तिचा?"

मी म्हटलं, "आई, लंडनच्या त्या बायकांना दोरा स्वतःचाच घालावा लागायचा. सरकारी चौकशीत आलंय तसं."

"आमचाबी आमचाच होता," ती म्हणाली. "ते लिहिलं होतंस का गं तू, तुझ्या त्या गोष्टीत?"

लिहिलं नव्हतं.